पासपोर्टवरची नोंद जुनी असताना परदेश प्रवास : पारलिंगी प्रवाशांनी काय जाणून असावे

परदेश प्रवासात माणसाची ओळख अनेक वेळा तपासली जाते. व्हिसाच्या अर्जात, तिकिटाच्या नोंदणीत, चेक-इन काउंटरवर, इमिग्रेशनच्या खिडकीत आणि शेवटी परक्या देशाच्या सीमेवर तेच नाव, तीच जन्मतारीख आणि लिंगाचा तोच रकाना पुन्हा पुन्हा वाचला जातो, आणि दर ठिकाणी तो आधीच्या कुठल्यातरी नोंदीशी ताडून पाहिला जातो. बहुतेक प्रवाशांना याची जाणीवही होत नाही, कारण त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात आणि समोर उभ्या असलेल्या व्यक्तीशीही जुळतात. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीचे, म्हणजे जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची लिंगओळख वेगळी असलेल्या व्यक्तीचे, मात्र असे होते, की नाव बदललेले असते, चेहरा बदललेला असतो, काही कागदही बदललेले असतात, पण दहा वर्षांसाठी दिलेला पासपोर्ट मागेच राहिलेला असतो.

अशा वेळी अडचण नेमकी कुठून उद्भवते हे समजून घेतले, तर निम्मी भीती कमी होते आणि उरलेल्या निम्म्यासाठी तयारी करता येते. या लेखातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो : प्रवासाच्या दिवशी पासपोर्ट हाच प्रमाण मानला जातो, आणि त्यावरची नोंद आपल्यासाठी कितीही चुकीची व वेदनादायक असली, तरी त्या एका प्रवासापुरते तिकीट, व्हिसा आणि इतर सर्व कागद त्या नोंदीशी जुळलेले असले पाहिजेत. दुरुस्ती अवश्य करावी, लवकर करावी, पण ती दोन प्रवासांच्या मधल्या काळात आणि शक्यतो सगळ्या कागदांची एकत्र करावी. अर्धे कागद नवे आणि अर्धे जुने ही स्थिती सर्वांत जास्त त्रास देते.

यंत्र काय वाचते आणि माणूस काय वाचतो

जगभरच्या पासपोर्टची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजानुसार होते. फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी दिसतात, त्या यंत्रासाठी असतात. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरे असतात आणि दुसऱ्या ओळीतले २१ वे अक्षर लिंगाचे असते. या जागी पुरुषासाठी 'एम', स्त्रीसाठी 'एफ' आणि लिंग नमूद नसल्यास कोनासारखे एक भरणचिन्ह (<) एवढ्याच नोंदी चालतात. डोळ्यांनी वाचायच्या भागात 'एम', 'एफ' किंवा 'एक्स' छापता येते. चिप असलेल्या पासपोर्टमध्ये या दोन ओळी आणि फोटो चिपमध्येही साठवलेले असतात.

या दोन ओळींमध्ये खोटेपणा पकडण्यासाठी काही पडताळणी अंक असतात. ते पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदतीची तारीख अशा नोंदींवरून गणिताने काढलेले असतात. लिंगाचे अक्षर त्या गणितात धरलेलेच नाही. शिवाय यंत्र समोरच्या व्यक्तीचे लिंग ओळखण्याचा प्रयत्न करीत नाही. ते फक्त एका नोंदीतले अक्षर दुसऱ्या नोंदीतल्या अक्षराशी जुळते का, एवढेच पाहते. 'हा पासपोर्ट तुमचा वाटत नाही' ही शंका बहुतेक वेळा काउंटरवरच्या माणसाच्या मनात येते, आणि ती लिंगाच्या अक्षरापेक्षा फोटोमुळे जास्त येते. संप्रेरकांच्या उपचारानंतर चेहऱ्याची ठेवण, केस, दाढी, त्वचा यांत इतका फरक पडू शकतो, की सहा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून ओळख पटणे खरोखरच अवघड व्हावे. म्हणून लिंगाची नोंद लगेच बदलणे शक्य नसेल, तरी नव्या फोटोसह पासपोर्ट नव्याने (री-इश्यू) काढून घेणे हे पहिले पाऊल म्हणून अतिशय उपयोगी ठरते. अनेक जण 'बदलायचे तर सगळे एकदम' म्हणून वर्षानुवर्षे थांबतात आणि जुन्या फोटोचा त्रास सोसत राहतात. कागद एकत्र बदलावेत हे मीही म्हणतो, पण फोटो बदलल्याने कोणत्याही दोन कागदांवरच्या मजकुरात तफावत पडत नाही. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

विमान कंपनीचे कर्मचारी इमिग्रेशन अधिकाऱ्यांपेक्षाही जास्त काटेकोर का वागतात, हेही समजून घ्यावे. योग्य कागद नसलेला प्रवासी आणल्यास दंड विमान कंपनीला भरावा लागतो आणि त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार हा दंड एका प्रवाशामागे काही हजार युरो इतका असू शकतो. त्यामुळे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला थोडीशी शंका आली, तरी तो वरिष्ठांना बोलावतो. त्याला पटवण्यासाठी आपल्या आयुष्याची कहाणी सांगावी लागत नाही. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तिकिटाशी आणि व्हिसाशी जुळतात हे दाखवणे, आणि फोटोतल्या फरकाचे कारण स्पष्ट करणारा एखादा अधिकृत कागद पुढे करणे, एवढे पुरते.

भारतात दुरुस्तीचा मार्ग

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे असे मान्य केले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले. त्यानंतर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये संमत झाला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे नियम आले. या कायद्याने आणि नियमांनी दोन वेगळी प्रमाणपत्रे निर्माण केली. पहिले जिल्हाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्राच्या आधारे द्यायचे 'पारलिंगी' असे ओळख प्रमाणपत्र, ज्यासाठी २०२० च्या नियमांनी वैद्यकीय तपासणीची अट ठेवली नव्हती. दुसरे, शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद देणारे सुधारित प्रमाणपत्र. अर्जासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. या क्षेत्रातले नियम वादाचे आहेत आणि ते बदलले जातात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी कोणता मजकूर लागू आहे तो पोर्टलवर स्वतः वाचावा. ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

पासपोर्टच्या अर्जात पुरुष, स्त्री आणि पारलिंगी असे तीन पर्याय आहेत. तिसरा पर्याय निवडला की पासपोर्टवर 'टी' येते. ही नोंद हा नागरिकाचा हक्क आहे आणि ज्यांची ओळख तीच आहे त्यांनी ती अभिमानाने घ्यावी. पण 'टी' हे अक्षर आयकाओच्या मानकात नाही, आणि शेंगेन (युरोपातल्या समाईक सीमाव्यवस्थेच्या देशांच्या) व्हिसाच्या किंवा अमेरिकी व्हिसाच्या अर्जात पुरुष व स्त्री एवढेच पर्याय असतात, हे निवड करण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे. नेपाळ आपल्या नागरिकांना २०१५ पासून 'ओ' अशी नोंद देतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जर्मनी, अर्जेंटिना हे देश 'एक्स' देतात. म्हणजे तिसऱ्या नोंदीसाठी जगात एकच अक्षर अजून रूढ झालेले नाही, आणि त्याचा भार प्रवाशावर पडतो. ज्या देशात जायचे आहे तिथल्या दूतावासाला अर्जापूर्वी ईमेल करून 'माझ्या पासपोर्टवर अशी नोंद आहे, अर्जात कोणता पर्याय भरावा' असे विचारावे आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे. पुढे कोणी हरकत घेतली, तर त्या छापील उत्तराचा खूप आधार वाटतो.

नाव बदलण्याचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात नावबदल शासकीय राजपत्रात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या 'गॅझेट'मध्ये, प्रसिद्ध करून घेता येतो. पारलिंगी व्यक्तीसाठी राजपत्राचे ते पान जुन्या आणि नव्या नावामधला पूल असते, कारण जुने नाव असलेला प्रत्येक कागद त्या एका पानाच्या साहाय्याने नव्या नावाशी जोडता येतो. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना याची विशेष गरज पडते. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या जुन्या गुणपत्रिका बदलून मिळायला फार वेळ लागतो, आणि प्रवेशपत्र, गुणपत्रिका व पासपोर्ट यांवर वेगवेगळी नावे असली तर व्हिसा अधिकारी शंका घेणारच. अशा वेळी गुणपत्रिका बदलण्याची वाट पाहत वर्ष वाया घालवण्यापेक्षा राजपत्राची प्रत, तिचे आवश्यक तिथे इंग्रजी भाषांतर आणि एक साधे स्पष्टीकरणपत्र जोडावे.

क्रमाबाबत माझे मत असे आहे : आधी जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आणि राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि बँक, आणि त्यानंतर पासपोर्ट. आधारमध्ये आणि पॅनमध्ये तिसऱ्या नोंदीची सोय आहे. पासपोर्ट शेवटी घेण्याचे कारण असे, की पासपोर्ट कार्यालय बाकीच्या कागदांवर अवलंबून असते आणि त्यांत तफावत दिसली तर प्रकरण थांबवते. २०२० च्या नियमांनुसार ओळख प्रमाणपत्र दाखवल्यावर संबंधित कार्यालयांनी कागदपत्रांतले नाव, लिंग किंवा छायाचित्र १५ दिवसांत बदलून द्यायचे होते. कार्यालयाला या तरतुदीची माहिती नसेल, तर ती छापून सोबत न्यावी आणि अर्जात तिचा उल्लेख करावा.

पोलीस पडताळणीविषयी इथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक पारलिंगी व्यक्ती याच टप्प्याला घाबरून अर्जच करीत नाहीत. वैयक्तिक तपशील बदलला की पुन्हा पडताळणी होऊ शकते, आणि पोलीस पत्त्यावर येऊन शेजाऱ्यांना विचारू शकतात. घरातून बाहेर काढल्या गेलेल्या व्यक्तीने आईवडिलांच्या घराचा पत्ता दिला, तर तिथून प्रतिकूल उत्तर जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी जिथे प्रत्यक्ष राहतो तोच पत्ता द्यावा, भाडेकरार किंवा बँकेचे पासबुक त्या पत्त्याचे करून घ्यावे, आणि संदर्भासाठी ज्यांना आपली ओळख माहीत आहे अशाच दोन व्यक्तींची नावे लिहावीत. वडिलांशी संबंध तुटलेल्यांना हेही ठाऊक असावे, की डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम शिथिल केल्यापासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे अथवा कायदेशीर पालकाचे नाव दिले तरी चालते. पूर्वी कधी नाव बदलले आहे का, या अर्जातल्या प्रश्नाचे उत्तर मात्र खरेच द्यावे. लपवलेले जुने नाव पुढे सापडले, तर माहिती दडवल्याचा आरोप होऊ शकतो, आणि जुने नाव सांगण्यात लाज बाळगण्यासारखे काहीच नाही.

नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा येतो आणि जुना रद्द करून परत दिला जातो. तो फेकू नये. त्यात मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर दोन्ही पुस्तिका एकत्र नेऊन प्रवास करण्याची सोय काही देश देतात. पण नाव बदललेले असल्यास अमेरिकेचे परराष्ट्र खाते नवा व्हिसा घेण्याची शिफारस करते, आणि लिंगाची नोंद बदललेली असेल तर मीही तेच सुचवीन. व्हिसाचे शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागते हे खरे, पण सीमेवरच्या चौकशीत तासन्‌तास बसण्यापेक्षा ते परवडते.

बोटांचे ठसे आणि जुने नाव

कागद बदलले तरी बोटांचे ठसे बदलत नाहीत. अमेरिका, ब्रिटन आणि शेंगेन देश व्हिसाच्या वेळी ठसे घेतात. शेंगेन क्षेत्रात १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंदपद्धती सुरू झाली असून, तिच्यात बाहेरच्या देशांच्या नागरिकांचे नाव, पासपोर्टचा तपशील, लिंग, चेहरा आणि, व्हिसाची गरज नसलेल्यांच्या बाबतीत, ठसेही नोंदवले जातात. म्हणजे जी व्यक्ती एकदा जुन्या नावाने पॅरिसला जाऊन आली आहे, ती नव्या नावाने पुन्हा गेली तर यंत्र दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचे दाखवू शकते. यात गुन्हा काहीच नाही. परंतु व्हिसाच्या अर्जात पूर्वीचे नाव विचारले असेल आणि ते लिहिलेले नसेल, तर साध्या नावबदलाला फसवणुकीचे रूप येते. म्हणून पूर्वीच्या नावाच्या रकान्यात जुने नाव लिहावे आणि राजपत्राची प्रत जोडावी. मला कल्पना आहे, की ज्या नावाचा उच्चारही नकोसा वाटतो ते पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिणे सोपे नाही. तरीही हा एक रकाना रिकामा सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन.

कुठल्या देशात काय

अमेरिकेत २०२५ मध्ये परिस्थिती झपाट्याने बदलली. एप्रिल २०२२ पासून तिथे 'एक्स' नोंदीचा पासपोर्ट मिळत होता. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर तो देणे थांबले आणि नव्या पासपोर्टवर जन्मावेळची नोंद द्यायचे धोरण आले. त्याविरुद्धच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने धोरणाला स्थगिती दिली होती, पण ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला चालू असेपर्यंत धोरण राबवण्याची मुभा दिली. हा नियम अमेरिकी नागरिकांच्या पासपोर्टचा आहे, भारतीय पासपोर्टचा नाही. पण वातावरणाचा परिणाम व्हिसावरही होतो, आणि म्हणूनच मार्च २०२५ मध्ये जर्मनी, डेन्मार्क, फिनलंड अशा देशांनी आपल्या पारलिंगी नागरिकांना प्रवासापूर्वी अमेरिकी दूतावासाशी संपर्क साधण्याचा सल्ला दिला. भारतातून जाणाऱ्यांनीही तसेच करावे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांतली पारलिंगी मुले अमेरिकी पासपोर्टवर भारतात येतात, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : पासपोर्टवरचे नाव किंवा लिंग बदलले असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावरचा तपशीलही बदलून घ्यावा लागतो, नाहीतर विमान कंपनी निघतानाच अडवू शकते.

महाराष्ट्रातून युरोप-अमेरिकेला जाणारे पुष्कळ प्रवासी दुबई, दोहा किंवा अबूधाबीला विमान बदलतात. विमानतळाच्या आतच विमान बदलायचे असेल, तर सहसा त्या देशाच्या इमिग्रेशनमधून जावे लागत नाही. पण विमान रद्द झाले आणि रात्रीपुरते हॉटेलात जावे लागले, तर जावे लागते. आखाती देशांत पोशाख आणि लिंगाची नोंद यांतल्या तफावतीकडे कायदा संशयाने पाहू शकतो. ओमानच्या दंडसंहितेत स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषाला शिक्षेची तरतूद आहे. कुवेतमध्ये 'दुसऱ्या लिंगाचे अनुकरण' हा गुन्हा मानणारे कलम तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केले, हा त्या भागातला मोठा अपवाद. म्हणून जुन्या नोंदीच्या पासपोर्टवर जाताना थेट विमान किंवा युरोपमार्गे जाणारे विमान थोडे महाग असले तरी निवडावे, आणि युरोपमार्गे जायचे असल्यास तिथे थांब्यापुरता व्हिसा लागतो का तेही तपासावे.

दुरुस्तीआधीच निघावे लागले तर

नोकरीचे बोलावणे, आजारी नातेवाईक, शिष्यवृत्तीची तारीख ही कारणे कागदांची वाट पाहत नाहीत. अशा वेळी तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने आणि त्याच लिंगाने काढावे. विमान कंपन्या तिकिटावरचे नाव नंतर पूर्णपणे बदलून देत नाहीत. हॉटेल, प्रवास विमा आणि डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच नावाची असावी. संप्रेरकांची औषधे नेणाऱ्यांनी चिठ्ठीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण टेस्टोस्टेरॉन अमेरिका आणि ब्रिटनसह अनेक देशांत नियंत्रित औषध आहे.

सोबत ओळख प्रमाणपत्राची, राजपत्राची आणि उपचार चालू असल्याच्या डॉक्टरांच्या पत्राची इंग्रजी प्रत ठेवावी, पण ती मागितल्याशिवाय पुढे करू नये. काही देशांत हे कागद मदत करतात, काही देशांत ते नसते प्रश्न निर्माण करतात. हाच विवेक फोनमधल्या फोटोंबाबत आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांबाबतही ठेवावा.

भारतीय विमानतळांवर अंगझडती पुरुष आणि स्त्री अशा वेगळ्या रांगांत होते. रांगेत शिरण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला शांतपणे सांगून स्वतंत्र खोलीत तपासणी मागावी. गर्दीसमोर वाद सुरू झाल्यावर सांगण्यापेक्षा हे सोपे जाते. परदेशातल्या शरीर तपासणी यंत्रांत बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) किंवा कृत्रिम अवयवामुळे खूण उमटू शकते, तेव्हाही खासगी खोलीची मागणी करता येते.

काउंटरवर चढू दिले नाही, तर कारण लेखी मागावे आणि कर्मचाऱ्याचे पद व वेळ टिपून ठेवावी, कारण पुढच्या तक्रारीला तोच आधार असतो. परदेशात ताब्यात घेतले गेले, तर १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या ३६ व्या कलमानुसार आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. 'मला भारतीय दूतावासाशी बोलायचे आहे' एवढे वाक्य त्या देशाच्या भाषेत लिहून खिशात ठेवावे. पासपोर्ट हरवला किंवा जप्त झाला, तर मायदेशी परतण्यापुरता आपत्कालीन दाखला दूतावास देऊ शकतो. ज्या शहरात उतरायचे आहे तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावा, फोनमध्ये ठेवून भागत नाही, कारण चौकशीच्या वेळी फोन सर्वांत आधी काढून घेतला जाऊ शकतो. तोच क्रमांक आणि प्रवासाचा तपशील घरी किंवा विश्वासातल्या एका मैत्रिणीकडे असावा, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत आपला निरोप आला नाही तर तिने कुणाला फोन करायचा हेही तिच्याशी आधीच बोलून ठेवावे.